शांत मुलींचं यंत्र

सरकारदरबारी तिचं नाव स्थैर्यमापक पट्टी. मुली तिला पाल म्हणायच्या. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे वैद्य नाडी बघतात तिथे, बोटभर लांबीची करडी, मऊ पट्टी चिकटवलेली असे. अंघोळीत निघत नसे आणि नखाने उचकटायला गेलं की ऑफिसात घंटा वाजे. नव्या मुलीला जुन्या मुली पहिल्याच जेवणाला सांगून टाकत, "पाल झोपलेली असली की सुटका. उगं उठवू नको तिला."

सरोज खंदारे ही त्या निरीक्षणगृहाची गृहमाता. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावात, कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या मागे, तारेच्या कुंपणातली ती बैठी इमारत. इथल्या मुलींना कायदा 'विधिसंघर्षग्रस्त बालिका' म्हणतो. हा शब्द सरोजच्या तोंडात बसायला बराच काळ गेला होता, आणि बसल्यावर तिला त्याचा रागच येऊ लागला होता. कुणी चोरी केलेली, कुणी कुणाचं डोकं फोडलेलं, कुणी तिसऱ्यांदा घरातून पळालेली. गुन्ह्याच्या जरा मागे सरकून बघितलं की घरातलाच एखादा माणूस निघायचा. पण बाल न्याय बोर्डासमोर उभी केली की मुलगी मागे बसलेल्या आईकडे बघायची, आई पदराचं टोक पिळत बसलेली असायची, आणि मुलगी म्हणायची, "घरी सगळं चांगलंय."

मग तिला घरी पाठवायचे. काही मुली परत यायच्या, आधीपेक्षा मोठा गुन्हा करून. काहींचं पुढे काहीच कळायचं नाही.

म्हणून पट्टी आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद सरोजला झाला होता. प्रशिक्षणात तिने इतके प्रश्न विचारले की कंपनीचा माणूस मधेच चहाला निघून गेला. तिला समजलं ते असं. माणूस घाबरला की हृदयाचे ठोके वाढतात, कातडीला सूक्ष्म घाम सुटतो, घामात कॉर्टिसॉल नावाचं रसायन उतरतं. हे सगळं पट्टी दिवसरात्र टिपते आणि संगणकाकडे पाठवते. त्या संगणकाला आधीच्या हजारो मुलामुलींची अशी माहिती शिकवलेली. कोण सोडल्यावर सरळ राहिलं, कोणाची पुन्हा तक्रार आली, हे सगळं त्याला ठाऊक. त्यावरून तो एक आकडा काढतो, शंभरपैकी. त्याला स्थैर्यांक म्हणायचं. सोडण्याआधी भेट-चाचणी घ्यायची: जो नातेवाईक मुलीला न्यायला आलाय त्याच्यासमोर तिला बसवायचं. आकडा घसरला की ते घर धोक्याचं. टिकला की सुरक्षित.

"जीभ दाबता येते," कंपनीचा माणूस म्हणाला होता, "शरीर दाबता येत नाही."

सरोजला हे वाक्य फार आवडलं होतं. पहिल्याच वर्षी एका मुलीचा आकडा बापासमोर असा कोसळला की पडदा लालभडक झाला आणि बाप दोन पोलिसांमधून बाहेर गेला. त्या दिवशी सरोजने सगळ्यांना शिरा केला. निमित्त विचारलं तर म्हणाली, रवा जुना होत होता.

*

तेजल आली ती दाजीची गाडी पेटवून.

आई लहानपणी गेलेली, बाप उसतोडीला गेला तो तिकडेच दुसरा संसार करून राहिलेला. तेजल मोठ्या बहिणीकडे वाढत होती. बहिणीच्या नवऱ्याचं, सुमितचं, मोबाईल दुरुस्तीचं दुकान. एके दुपारी दुकानासमोर उभी असलेली त्याची बॅटरीची मोटरसायकल हिने पेटवली. शेजारच्या दोन गाड्या त्यात गेल्या आणि एका माणसाचा हात भाजला. पोलिसांनी का म्हणून विचारलं तर म्हणाली, "तिचा हॉर्न लई कर्कश होता."

अशा मुलीबद्दल सरोजने मनात थोडी धास्ती धरली होती, पण तेजल निघाली लसूण सोलणारी. स्वयंपाकघरात येऊन बसायची, न सांगता परात पुढे ओढायची आणि सोललेल्या पाकळ्यांचा ढीग लावायची. बोलायची कमी, पण बोलली की सरोजला पोळी तव्यावर टाकून हसावं लागे.

"मावशी, तुमचं लग्न का न्हाई झालं?"

"झालं होतं."

"मग?"

"मग काय. त्याचाही हॉर्न कर्कश होता."

तेजलने मान खाली घालून खूप वेळ लसूण सोलला. खांदे हलत होते.

भेट-चाचणीला दाजी आला इस्त्रीच्या शर्टात, हातात खारीचा पुडा. बरोबर बहीण, कडेवर लहान बाळ. भेटीच्या खोलीत एका बाजूला मोठा पडदा, समोर बोर्डाचे सदस्य कुलथे गुरुजी, निवृत्त शिक्षक, आणि समुपदेशक नाझिया मॅडम. सरोज दाराशी उभी.

"काय म्हणती आमची मेहुणी?" दाजी बसता बसता म्हणाला. "सरकारी अन्न मानवलेलं दिसतंय. गाल भरले की गं. गुरुजी, आता हिला न्यायचं तर गाडी मोठी घ्यावी लागंल. आधीची तर हिनंच जाळली."

गुरुजी हसले. बहीण हसली, बाळ हसलं. सरोजसुद्धा हसली; दाजीने थट्टा केली की हसायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तरी येत होतं. तेजल खारीच्या पुड्यावरच्या दोऱ्याकडे बघत होती. अगदी निवांत. हाताची घडी मांडीवर.

पडद्यावर आकडा चढत गेला आणि ब्याण्णववर येऊन थांबला. हिरवागार.

"आमच्या काळी," गुरुजी नाझिया मॅडमना म्हणाले, "दाजी-मेहुणीची थट्टा ऐकायला शेजारी जमायचे. प्रेमाचं नातं असतं ते. बघा, पोर किती सैलावली."

नाझिया मॅडम पडद्याकडेच बघत राहिल्या.

*

संध्याकाळच्या कणकेला तेजल येऊन बसली. सरोजने कौतुकाने सांगितलं, "ब्याण्णव पडला गं तुला. इथे आजवर कुणालाच एवढा पडला नव्हता. येत्या तारखेला घरी."

तेजलचे हात थांबले.

"दाजीसमोर?"

"हो. किती शांत बसली होतीस तू."

तेजल मनगटावरच्या पट्टीकडे बघत राहिली, एखाद्या मैत्रिणीने दगा दिल्यासारखी.

"मला वाटलं ही तरी सांगंल," ती म्हणाली.

सरोजने गॅस बंद केला.

"मला बोलायचं न्हवतं मावशी. मला वाटलं, बोलावं लागायचं न्हाई. तुम्हीच म्हणला होता, ही आपोआप सांगती." मग तिने सांगितलं. फार नाही. ताई बाळंतपणाला दवाखान्यात होती तेव्हापासून, एवढं. आणि ताईला सांगायला गेलं की ताई म्हणायची, दाजी हायेत, थट्टा करायलेत. शेजारीण तेच म्हणायची. "सगळेच हसत्यात. आज तुम्हीबी हसलात."

सरोजला बसायला काही सापडेना. ती पिठाच्या डब्यावर बसली.

*

दुसऱ्या दिवशी ती नाझिया मॅडमच्या खोलीत गेली. नाझिया शेख तिच्या मुलीच्या वयाची, दोन पदव्या घेतलेली आणि इथे टिकून राहिलेली एकमेव समुपदेशक.

"मला कालच शंका आली होती," नाझिया म्हणाली. "सरोजताई, बसा. सशाला कुत्र्याने कोंडीत धरलेलं बघितलंय कधी? पळायला वाट नाही, लढायची ताकद नाही, मग तो काय करतो?"

"मेल्यासारखा पडतो."

"माणसाचंही तसंच होतं. मेंदूपासून पोटापर्यंत एक लांब नस उतरते. भीती हाताबाहेर गेली की ती नस हृदयाचा वेग उलट कमी करते. स्नायू थिजतात, दुखणंसुद्धा बधिर होतं. आणि ज्या मुलीने हे पुन्हा पुन्हा सोसलंय, तिच्या घामात कॉर्टिसॉलही फार येत नाही. शरीर ते बनवून बनवून दमलेलं असतं. आता हे सगळे आकडे एकत्र मांडा. झाडाखाली पुस्तक वाचत बसलेली मुलगी आणि थिजलेली मुलगी, यंत्राला दोघी सारख्या दिसतात."

"मग कंपनीला हे ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक आहे. मीच कळवलंय. पण यंत्र शिकतं कशावरून? घरी पाठवलेल्या मुलीची नंतर तक्रार आली नाही, तर ते समजतं आपला निर्णय बरोबर होता." नाझियाने चष्मा काढून डोळे चोळले. "गप्प बसलेल्या सगळ्या मुली त्याच्या हिशेबात सुखी आहेत. त्यांच्यावरूनच ते शांतता ओळखायला शिकलंय. ते म्हणतात, थिजण्याची खात्रीशीर उदाहरणं द्या, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. खात्रीशीर म्हणजे अत्याचार सिद्ध झालेली. आणि सिद्ध करायला गेलं की समोरचा वकील हिरवा पडदा दाखवतो."

तरी त्या दोघींनी जे करायचं ते सगळं केलं. तेजलला घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. तक्रार घेतली, न घेऊन चालत नाही; पण लिहून घेणाऱ्या बाईंनी आधी आपल्या फोनवर आकडा बघितला आणि त्यानंतर त्यांचा आवाज बदलला. बालकल्याण समितीत गेल्या. तिथे सांगितलं, चौकशी होईल, वेळ लागेल, तोवर मुलगी पालकाकडे, आणि पालकाचं घर तर चाचणीत सुरक्षित ठरलेलं. दुसरीकडे ठेवायचं म्हटलं तर यंत्राच्या विरोधात लेखी कारण द्यावं लागतं, आणि त्याखाली सही करायला कुणी तयार नव्हतं. कुलथे गुरुजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्म्यातून सरोजकडे बघत म्हटलं, "सरोजबाई, घरी जायचं नाही म्हणून मुली काय काय रचतात, हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे का? यंत्राला तर कुणाशी वैर नाही."

परतताना रिक्षात सरोजने विचारलं, "सुटका कशाने थांबते?"

नाझिया बाहेर बघत राहिली. "निरीक्षणगृहात नवा गुन्हा घडला तर. हिंसेचा असला तर विशेषगृहात बंद, अठरा पूर्ण होईपर्यंत." मग चटकन वळली. "मी हे बोलले नाही, सरोजताई."

"मी पण ऐकलं नाही," सरोज म्हणाली.

*

"मला मार," सरोजने तेजलला सांगितलं.

तेजलला आधी हसू आलं. "येड लागलं का मावशी?"

"लाटण्याने. कपाळावर. सगळ्या मुली पंगतीला बसलेल्या असताना." सरोज हळू आवाजात, भाजी चिरत बोलत होती. "नीट ऐक, आणि नको वाटलं तर नको म्हण. तुझ्या नावावर हल्ला लागेल. विशेषगृह म्हणजे हे नव्हे. तिथे भिंत उंच आहे. पुढे कुठे नोकरी मागायला गेलीस तर कुणीतरी हे उकरून काढील. काढू नये असा कायदा आहे, पण काढतात."

"तिथं दाजीला भेटायला सोडत्यात का?"

"हिंसक मुलींना घरच्यांची भेट नसते."

तेजलने विचार केला. फार नाही केला. "मग द्या लाटणं," ती म्हणाली.

पण दुपारच्या पंगतीत लाटणं हातात घेऊन ती सरोजसमोर उभी राहिली आणि हात उचलेना. मुली ताटं घेऊन बघत होत्या. दारातली रक्षकबाई बघत होती. तेजलच्या डोळ्यांत पाणी जमत चाललेलं सरोजला दिसत होतं; अजून थोड्या वेळात ती रडली असती, आणि रडणाऱ्या मुलीला कुणी विशेषगृहात पाठवत नाही.

सरोजने तेव्हा जे केलं ते तिने आधी ठरवलं नव्हतं. ती जरा पुढे वाकली, डोकं तिरपं केलं आणि त्या माणसाच्या आवाजात, त्याच्याच लाडिक हेलात म्हणाली, "काय म्हणती आमची मेहुणी? गाल भरले की गं."

तेजल एकदम निवांत झाली. चेहऱ्यावरचं सगळं पुसल्यासारखं गेलं. डोळे सरोजवर होते, पण सरोज त्यांत नव्हती. आणि मग हात आला.

खोटं खोटं लागायचं होतं. खरंच लागलं. सरोज भांड्यांच्या रॅकवर पडली, आणि रक्षकबाईने मागून धरेपर्यंत तेजलने आणखी दोन ठेवून दिले. शुद्धीवर आल्यासारखं तिने लाटण्याकडे बघितलं, सरोजकडे बघितलं आणि "मावशी" म्हणाली, इतक्या हळू की फक्त ओठ हलले.

*

बोर्डासमोर सरोज कपाळाला टाके घेऊन उभी राहिली. दंडाधिकारी मॅडमनी विचारलं, मुलीला काही बोललात का, मारलंत का, उपाशी ठेवलंत का. सरोजने उत्तर दिलं, "नाही मॅडम. मी जेवायला वाढत होते. काहीही कारण नव्हतं."

"याआधी कधी तिने असं केलं होतं?"

"माझ्यासमोर नाही. पण ती तशीच आहे. शांत दिसते, भरवसा नाही तिचा."

हे शेवटचं वाक्य कुणी विचारलं नव्हतं. काम पक्कं व्हावं म्हणून तिने आपल्या मनाने घातलं होतं, भाजीत मीठ घालावं तितक्या सहज.

दाजी उठून उभा राहिला. "मॅडम, पोरकट हाय ती. आमच्या घरची लेकच हाय. आम्ही सांभाळतो की. थट्टेत वाढलेली पोर..."

"खाली बसा," मॅडम म्हणाल्या. आदेश झाला. मुलगी विशेषगृहात, घरच्यांची भेट बंद. बहीण रडू लागली. कशासाठी ते सरोजला कळलं नाही, आणि बहिणीलाही कळत असेल असं वाटलं नाही. दाजीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्याने शर्टाची बाही नीट केली आणि घरी गेला. तिकडे त्याच्यावरची चौकशी आरोप सिद्ध होत नाही म्हणून बंद झाली, कारण तक्रार करणारी मुलगी आता हिंसक म्हणून नोंदलेली होती.

काही महिन्यांनी सरोज रजा काढून विशेषगृहात गेली. मार खाल्लेली गृहमाता मारणाऱ्या मुलीला भेटायला आलीये म्हणून तिथल्या अधीक्षिका हेलावून गेल्या, त्यांनी बिस्किटं आणवली. तेजल उंच झाली होती. एका भुवईवर नवीन खूण होती.

"कुणी केलं?"

"हाय एक. तिलाबी एक दिलीय." तिने बिस्किट चहात बुडवलं. "पोळ्या कच्च्या असत्यात इथल्या. पण झोप येती मावशी. कडी आतून नसली तरी झोप येती."

"माझ्यावर राग आहे का?"

तेजलने सरोजच्या कपाळावरची खूण निरखली. "तुम्ही त्याचा आवाज काढला त्याचा हाय," ती म्हणाली. "बाकीचा न्हाई." आणि थोड्या वेळाने, "बोर्डापुढं मातर लई भारी खोटं बोललात. मलाच खरं वाटलं."

*

यंत्राची नवी आवृत्ती आली तेव्हा ती बातमी नाझियानेच स्वयंपाकघरात येऊन सांगितली. ती आजवर कधी स्वयंपाकघरात आली नव्हती.

"थिजणं ओळखतंय आता," ती म्हणाली. "ठोक्यांमधलं अंतर, बोटांचं गार पडणं, सगळं. साधी शांतता आणि ही शांतता यात फरक करतंय."

सरोजने हात पदराला पुसले. "मग चांगलं झालं की."

"त्यांना खात्रीशीर उदाहरण हवं होतं ना. इतकं स्पष्ट उदाहरण देशात एकच मिळालं. भेटीत ब्याण्णव. नंतर पंगतीत, हात उचलायच्या आधी, पुन्हा तोच नमुना, आणि लगेच हल्ला. साक्षीदार होते, टाके होते, बोर्डाचा आदेश होता. सगळं सिद्ध झालेलं." नाझियाचा आवाज कोरडा होता. "त्यावरून ते शिकलं. फसवी शांतता, म्हणजे हल्ल्याची पूर्वसूचना. असा नमुना दिसला की मुलगी थेट विशेषगृहात. तुमची साक्षसुद्धा घातलीये त्यात, सरोजताई. शांत दिसते, भरवसा नाही."

तव्यावरची पोळी जळत होती. दोघींपैकी कुणीही ती उलटली नाही.

त्याच आठवड्यात नव्या आवृत्तीची पहिली भेट-चाचणी झाली. मुलीचं नाव अवनी. चुलत्याच्या खिशातले पैसे घेऊन पळालेली, एसटी स्टँडवर सापडलेली, वयाच्या मानाने फारच लहानखुरी. खुर्चीत बसली की पाय जमिनीला टेकत नव्हते. चुलता आत आला, समोर बसला, गुरुजींना रामराम केला. "काय अवनी, वळखलं का काकाला?" म्हणाला. अवनी टेबलाच्या कडेकडे बघू लागली. झुलणारे पाय थांबले. हात मांडीवर.

पडदा लाल झाला.

दाराशी उभ्या असलेल्या दोन रक्षकबाया पुढे धावल्या आणि त्यांनी अवनीचे दंड दोन्ही बाजूंनी धरले. गुरुजींनी आपली खुर्ची तिच्यापासून लांब सरकवली. चुलता आधी दचकला, पडद्याकडे बघितलं, मग त्याला एकेक समजत गेलं तसा तो मागे रेलून बसला.

"मी म्हणत न्हवतो?" तो म्हणाला. "लई पोचलेली हाय. घरात आम्ही जीव मुठीत धरून राहतो."

"तुम्ही काळजी करू नका," गुरुजी त्याला म्हणाले. "आता ती तिकडे येणार नाही."

नाझिया उठून उभी राहिली होती आणि गुरुजींना काहीतरी समजावत होती. गुरुजी मान हलवत पडद्याकडे बोट दाखवत होते. मुलीला आत न्यायचं काम गृहमातेचं. सरोजने रक्षकबायांना हात सोडायला सांगितलं आणि अवनीला बोटाशी धरून बाहेर काढलं. बोटं बर्फासारखी गार होती. व्हरांड्याच्या टोकाला गेल्यावर मुलीने मागे वळून बघितलं.

"मावशी, मला काकाकडं न्हाई ना पाठवणार?"

"नाही."

"मग कुठं पाठवणार?"

सरोजने सांगितलं. उंच भिंत सांगितली, अठरा पूर्ण होईपर्यंत म्हणजे किती तेही सांगितलं. घर आणि ती भिंत सोडून तिसरी जागा का नाही, हे मुलगी विचारील म्हणून ती थांबली. मुलीने ते विचारलंच नाही.

"बरं झालं," अवनी म्हणाली, आणि बोट सोडवून घेऊन सरोजच्या पुढे पुढे चालू लागली.